साडेचार पन्हाळे

आमच्या दस्तगीरचाचांना कुठलीही उंची फुटात सांगून उपयोग नाही. मीटरमध्ये तर अजिबातच नाही. जगातली प्रत्येक उंची ते पन्हाळ्यात मोजतात. टीव्हीवर कुणी एव्हरेस्ट चढल्याची बातमी लागली की चहाचा कप खाली ठेवून म्हणणार, "म्हंजे नऊ पन्हाळं की! सवडीनं चढलं तर काय अवघड हाय?" आयुष्यात एकदाच विमानात बसले, तेव्हा पायलटनं उंची जाहीर केल्यावर शेजारच्या सुटाबुटातल्या माणसाला त्यांनी कोपरानं ढोसलं. "अकरा पन्हाळं वर आलोय बघा, पावणं." तो बिचारा उरलेला प्रवासभर डोळे मिटून बसला होता म्हणे.

चाचा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करायचा. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून हा नमुना मापापेक्षा जरासा मोठा ठेवावा लागतो. त्याला ते 'अलाउन्स' म्हणतात. रिटायर झाले, पण अलाउन्स काही सुटला नाही. जेवायला चार माणसं यायची असली की मटण सहांचं. पाय आठ नंबरचा आणि बूट नऊ नंबरचे. का, तर "थंडीत माणूसबी आकसतोय." पाय आकसला तर बूट आणखी ढिले होतील, हे मी त्यांना तीनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "तू कारकून हाईस. तुला मापातलं काय कळतंय?"

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो आणि कॉलेजच्या ऑफिसात खरंच कारकून आहे.

तर असे हे चाचा, वय वर्षं बासष्ट. एका सकाळी मोबाईल नाचवत आमच्या दारात हजर झाले. हिमाचलात गाईड घेऊन बर्फातलं शिखर चढवणारी मंडळी होती, त्यांची जाहिरात त्यांनी पाहिली होती. उंची चौदा हजार फूट. "साडेचार पन्हाळं फक्त! जन्मभर दर सुट्टीला एक चढतोय. आता सगळं एकदम चढायचं."

दुपारी चाचींनी मला बोलावलं. चाची म्हणजे मोजून बोलणारी बाई. म्हणाल्या, "तूबी जा. तेंच्यावर ध्यान ठेव. धड माघारी आण, म्हंजे झालं."

मी रोज पहाटे जिमला जातो. चाळिशीच्या आत आहे. गल्लीत माझे दंड बघून पोरं वळतात. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "चाची, काळजीच सोडा. वेळ पडली तर उचलून आणतो." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आता फ्लेक्सची गोष्ट. आम्ही निघालो त्याच दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर तालमीच्या पोरांनी पंधरा फुटी फ्लेक्स लावला. 'साडेचार पन्हाळे लीलया सर केल्याबद्दल गल्लीचे भूषण मा. दस्तगीर मिस्त्री यांचे जाहीर अभिनंदन!' मागं बर्फ, पुढं गॉगल घातलेले चाचा, आणि खाली तेवीस शुभेच्छुकांची तोंडं. त्यात माझंही. "अरे, अजून चढायचेत ते!" मी ओरडलो. पोरगं शांतपणे म्हणालं, "नंतर लग्नसराईत फ्लेक्सवाला मोकळा न्हाय, दादा. आणि चाचा चढणार न्हाईत व्हय?"

गाडीत बसल्यावर चाचा म्हणाले, "आता चढल्याबिगर गल्लीत पाय ठेवाय नको."

डोंगरात मात्र त्यांनी धमाल उडवून दिली. आमचा गाईड सुरेंदर, तिथलाच, पन्नाशीचा गंभीर माणूस. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "अंकलजी, ये पन्हाला क्या चीज है?" चाचा म्हणाले, "हमारे इधर का फूट है समझो." तिसऱ्या दिवशी सुरेंदर स्वतःच सगळ्यांना सांगत होता, "आज पौना पन्हाला चढेंगे." आमच्या तुकडीतल्या बंगळूरच्या दोन पोरी आणि नागपूरचे एक डॉक्टर मुकाट्यानं माना डोलवायचे. रोज संध्याकाळी बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन तपासत. चाचांचा आकडा सगळ्यांत वर. माझा रोज घसरत होता. तिसऱ्या दिवसापासून माझं डोकं ठणकत होतं, पण सांगायचं कुणाला? मी चाचांवर ध्यान ठेवायला आलो होतो ना! तोंड शिवून चालत राहिलो.

शिखराच्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. ऊन पडलं तेव्हा चार पन्हाळे पूर्ण झाले होते आणि माझे पाय दारू प्यायल्यासारखे पडायला लागले. मग बर्फात गुडघ्यावर बसून भडाभडा ओकलो. सुरेंदरनं माझ्या डोळ्यांत बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला. ताबडतोब खाली जायचं. "दुसरा गाईड इनको ले जाएगा. अंकलजी, आप चलिए."

चाचांनी वर बघितलं. टोक समोर होतं, उन्हात लखलखत होतं. त्यांनी विचारलं, "कितना रह्या?"

"आधा पन्हाला."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग काठी उलटी फिरवली. "चल. उतर."

मी होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडलो, "चाचा, जावा की! खुळं झालायसा काय? तिकडं फ्लेक्स लागलाय!"

"फ्लेक्स काय, सुतळी तोडली की खाली येतोय," चाचा म्हणाले आणि माझी सॅक पाठीला मारली.

उतरताना दुसरा गाईड पुढं, चाचा माझ्या दंडाला धरून. त्याच दंडाला, ज्याचा मला माज होता. मी रडकुंडीला येऊन सारखं विचारत होतो, का आलासा, का आलासा. शेवटी वैतागून बोलले.

"लग्नाच्या पुढल्या साली हिला पन्हाळ्याला नेलतो. नवी चप्पल, पाय सोललं. निम्म्यात दगडावर बसली. म्हणाली, तुमी जाऊन या. मी गेलो की बिनधास्त! वर भजी खाल्ली, च्या प्यालो, दीड तासानं आलो. तितंच बसलीती. एक शब्द बोलली न्हाय. चप्पल हातात घिऊन उतरली. चौतीस वर्सं झाली, दर सुट्टीला विचारतोय, येतीस का? म्हणती, जाऊन या." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मागं बसलेल्याला वरचं काय दिसत न्हाय रं. जाणाऱ्याची पाठ तेवढी दिसती."

मी रडलो. उंचीनं माणूस हळवा होतो म्हणतात, पण ते काही खरं नाही.

गल्लीत आलो तर हलगी, पेढे, सगळा थाट. गाडीतून उतरता उतरता चाचांनी जाहीर केलं, "पोरांनो, फ्लेक्स काढा. दम संपला माझा. अर्धा पन्हाळा ऱ्हायला." हलगी थांबली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नऊ नंबरचा बूट माझ्या पायावर पडला. असा पडला की मी 'आई गं'च्या पुढं काही बोलू शकलो नाही.

पुढं आठवडाभर त्यांची टर उडत होती. 'चार पन्हाळेवाले' असं नवं नाव पडलं. चाचा सगळ्यांबरोबर हसायचे. कधी नव्हे ते गोष्टीला अलाउन्स लावत नव्हते. मला जेवण जाईना. गल्लीत बोलायचं नाही अशी शपथ त्यांनी घातली होती. पण चाची म्हणजे काही गल्ली नव्हे, आणि ध्यान ठेवायची जबाबदारी मला त्यांनीच दिली होती. एके दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगून टाकलं. कुणी कुणाला माघारी आणलं ते, आणि दगडावरची गोष्टसुद्धा.

चाची भाकरी थापत राहिल्या. फक्त तव्यावरची करपली. चाचींची भाकरी करपलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

रविवारी मी पन्हाळा चालत चढायचं ठरवलं, निदान एक तरी पुरा करावा म्हणून. निम्म्यात पायवाटेच्या कडेला एका दगडावर दोघं बसलेली. चाचींच्या पायात दोन दोन मोजे आणि वर ते नऊ नंबरचे बूट. चाचांच्या पायात साधी स्लीपर. मधे शेंगदाण्याची पुडी.

"चाचा, किती झालं?" मी विचारलं.

"अर्धा."

"आणि वर कधी जायचं?"

चाचांनी चाचींकडं बघितलं. त्या निवांत शेंगदाण्याची टरफलं फुंकत होत्या.

"ही उठली म्हंजे," चाचा म्हणाले.