भीमसेन पैलवानाचा अंगठा

"सही आण. फोटो काढ. जास्त काय विचारत बसू नको," भावकूनं खाटेवर पडल्या पडल्या मुलाला तिसऱ्यांदा बजावलं.

पासष्टीचा भावकू फणसावरून पडला होता, पाय मोडला होता. या वयात फणसावर कशाला चढलात, असं विचारायची गुंजी गावात कुणाची छाती नव्हती, पण मागून हसायला छाती लागत नाही. आणि भावकूला हसायची गावाला चाळीस वर्षांची सवय होती. कारण एकच. भावकू सांगायचा की तरुणपणी सांबऱ्याच्या यात्रेत भीमसेन अकोळकराशी त्याची कुस्ती झाली होती आणि ती बरोबरीत सुटली होती. भीमसेन म्हणजे पुढं ज्याच्या नावावर बेळगाव-निपाणीकडची मैदानं भरायची तो पैलवान. त्याच्याशी गुंजीच्या म्हशीवाल्याची बरोबरी! हे कोण खरं मानणार?

हसणाऱ्यांत पहिला नंबर शेजारच्या रवळूचा. रवळूच्या पोटात तीळ भिजत नसे. एखादी गोष्ट त्याच्या कानावर घातली की गावात दवंडी पिटायची गरज उरत नसे. फणसाच्या प्रकरणानंतर तो समाचाराला आला आणि पाच जणांसमोर म्हणाला, "भावकू, फणसासंगं कुस्ती बरोबरीत सुटली म्हण की!"

त्या दिवसापासून भावकूनं समाचाराला येणाऱ्यांकडं पाठ फिरवली. ताटातली पेजही तशीच राहू लागली. पाय बरा होईल, पण माणूस आतून मोडतोय, हे त्याच्या मुलाला, नागोजीला, दिसत होतं. तेवढ्यात निपाणीला जुन्या पैलवानांचा मेळावा भरणार असल्याचं हँडबिल त्याच्या हाती पडलं. 'नामवंत मल्लांच्या सह्या घ्या, त्यांच्यासोबत फोटो काढा', असं त्यात ठळक छापलं होतं आणि नावांच्या यादीत पहिलाच भीमसेन होता.

नागोजी बेळगावला टिळकवाडीत राहायचा आणि रजिस्टर ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून बाँड रायटरचं काम करायचा. लोकांची खरेदीखतं, वाटण्या, भाडेचिठ्ठ्या लिहिता लिहिता त्याची भाषा इतकी पक्की झाली होती की बायकोला, जयाबाईला, माहेरी पाठवलेल्या पत्रातही तो 'सदर मजकूर' लिहायचा. मेळाव्यासाठी त्यानं गुलाबी, पोपटी पानांची सह्यांची वही विकत आणली. ती कापडी पिशवीत घालून पिशवी खुंटीला अडकवली. त्याच खुंटीला, तशाच कापडाची, जयाबाईनंच शिवलेली ऑफिसची पिशवीही होती. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. निपाणीच्या स्टँडवर उतरून नागोजीनं पिशवीत हात घातला तेव्हा हाताला शाईचं पॅड लागलं, दौत लागली आणि गिऱ्हाईक अडू नये म्हणून जवळ ठेवलेले कोरे बाँड, म्हणजे सरकारी शिक्क्याचे कागद, लागले. वही टिळकवाडीत खुंटीलाच लटकत होती.

"दोन पिशव्या एका कापडाच्या शिवू नको म्हणून सांगितलंतं," असं तो जयाबाईवर चिडून स्वतःशीच म्हणाला. प्रत्यक्षात सांगितलं काहीच नव्हतं. मग त्यानं विचार केला, कागद तो कागद, उलट बाँडचा कागद टिकतो जास्त.

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. फेटे बांधलेले, कान मोडलेले वीस-पंचवीस म्हातारे पैलवान खुर्च्यांवर ओळीनं बसले होते आणि पोरांची नुसती झुंबड उडाली होती. पण नागोजीला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सगळ्यात मोठा पैलवान भीमसेन, त्याच्यासमोर मात्र कुणीच नव्हतं. पोरं वही घेऊन धावत त्याच्याकडं जायची, तो काहीतरी पुटपुटायचा आणि पोरं दुसऱ्या खुर्चीकडं वळायची.

नागोजी पुढं झाला. "पैलवान, सही पायजे हुती."

भीमसेननं मान खाली घातली. "सही येत न्हाय रं बाबा मला. आमी कुठं शाळंत गेलतो? त्या तिकडच्यांना येतीया, त्यांची घे."

ज्याच्यासाठी मैदानं भरत होती तो माणूस पेन धरता येत नाही म्हणून रिकामा बसला होता. नागोजीला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटत असतानाच त्याचा हात पिशवीत गेला होता, कारण सही न येणारा माणूस समोर आला की काय करायचं हे त्या हाताला वीस वर्षं ठाऊक होतं.

"त्याला काय हुतंय? अंगठा द्या की!"

त्यानं पॅड उघडलं, भीमसेनचा डावा अंगठा धरला, पॅडवर टेकवला आणि कोऱ्या बाँडवर डावीकडून उजवीकडं हळू फिरवला. काय अंगठा होता तो! खाली त्यानं सवयीनं 'निशाणी डावा अंगठा, भीमसेन पैलवान' लिहिलं आणि आणखी सवयीनं 'हा अंगठा माझ्यासमोर केला असे' म्हणून स्वतःची सही ठोकली.

ते पाहून पोरं परत फिरली. सही काय, कुणाचीही मिळते. पैलवानाचा खरा अंगठा! "मला बी! माझ्या वहीत बी!" म्हणत रांग लागली. भीमसेनची छाती फुगली. बाजूचे आणखी तीन न शिकलेले पैलवानही खुर्च्या सरकवत आले. नागोजी घाम पुसत अंगठे फिरवत होता, मधूनच स्वतःसाठी एकेक बाँडवर उतरवून घेत होता. इतका आनंद त्याला खऱ्या खरेदीखतातही कधी झाला नव्हता.

इतक्यात भीमसेनची बायको सोनुबाई चहा पिऊन आली. तिनं नवऱ्याचा निळा अंगठा पाहिला. मग नागोजीच्या मांडीवरचे कागद पाहिले. वरचा शिक्का पाहिला.

"ह्यो बाँड न्हवं?" ती ओरडली. "कोऱ्या बाँडावर अंगठा घेतलाय मेल्यानं!"

"आक्का, सही म्हणून..."

"सही म्हणून! मागं भावकीतल्यानं असाच गोड बोलून अंगठा घेतला आन् विहिरीवरचा आंबा गेला आमचा. कोण हाईस तू? काय धंदा करतोस?"

इथं नागोजीनं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तो खरं बोलला. "बाँड रायटर हाय."

बाकीच्या तिघा पैलवानांनी आपापले निळे अंगठे डोळ्यांसमोर धरले. "माझं माळाचं रान गेलं," म्हणत एकजण मटकन खाली बसला. दुसरा धोतराला अंगठा पुसू लागला, जणू शाई गेली की शेत परत येणार होतं. मेळाव्याचा चालक आण्णाप्पा माईककडं धावला. "पैलवान मंडळींनी कुठंबी अंगठा देऊ नये! मांडवात भामटा शिरलाय! हेब्बेट्टु कोडबॅड्री!" अशी मराठी नि कानडी दोन्ही भाषांत घोषणा झाली, म्हणजे ज्याला मराठीत कळलं नव्हतं तोही नागोजीकडं धावला.

सगळ्यात आधी पोचला भीमसेन. एका हातानं त्यानं नागोजीची कॉलर धरली आणि त्याला जमिनीपासून वीतभर वर उचललं. नेमक्या त्याच क्षणी, मघापासून ताटकळलेल्या फोटोग्राफरनं, ज्याला नागोजीनंच 'पैलवानासंगं माझा फोटो काढा' म्हणून सांगून ठेवलं होतं, इमानेइतबारे बटण दाबलं.

"कुणाचा कोण तू?" भीमसेन गरजला.

"गुंजीच्या भावकूचा... मुलगा!" नागोजीनं लटकत उत्तर दिलं. "आप्पांनी... तुमची सही... मागितलीय!"

भीमसेनचा हात ढिला झाला. नागोजीचे पाय जमिनीला लागले.

"भावकू? सांबऱ्याच्या मैदानातला भावकू? जित्ता हाय?"

"हायत. फणसावरनं पडल्यात."

"अजून चढतोय व्हय?" भीमसेन हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं आण्णाप्पाला माईक बंद करायला लावला, नागोजीनं चौघांचे कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडले आणि मग पैलवान नागोजीला नि सोनुबाईला घेऊन मांडवाच्या मागं गेला.

"काय सांगतोय भावकू त्या कुस्तीचं?"

"बरोबरीत सुटली म्हणत्यात. गाव हसतंय त्यांना. म्हणून तर आलो."

भीमसेननं आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं. "बरोबरी न्हवती ती. पाडलंतं त्यानं मला. पाठ लागली हुती माझी. धुरळा लई उठलेला, पंच पल्याड हुतं, कुणाला दिसलं न्हाय. मी त्याच्या कानात म्हटलं, अण्णा, आज पडलो तर कोल्हापूरची तालीम मला घेत न्हाय. तर ह्यो गडी उठला आन् पंचाला म्हणाला, पाठ लागली न्हाय. जाताना मला म्हणाला, तुला तालीम हाय, मला म्हशी हायत. कुणाला सांगणार न्हाय, शब्द देतो."

सोनुबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. "चाळीस वर्सांत मला बोलला न्हाईसा!"

"आता बोललो की. कागद हाय न्हवं रं तुझ्याजवळ? लिही. नीट लिही."

नीट लिहायला सांगितल्यावर नागोजी थोडाच ऐकणार? त्यानं मांडी ठोकून झकास कबुलीपत्र लिहिलं. 'लिहून घेणार भावकू, राहणार गुंजी, यांसी लिहून देणार भीमसेन, राहणार अकोळ, कारणे कुस्तीचे कबुलीपत्र लिहून देतो ऐसा जे की, मौजे सांबरा येथील यात्रेच्या मैदानात, पूर्वेस आंब्याचे झाड, पश्चिमेस नारळाची दुकाने, दक्षिणेस विहीर व उत्तरेस गाडीवाट, या चतुःसीमेच्या आत तुम्ही मला चीत केले व माझी पाठ मातीस लागली. याबद्दल माझी अगर माझ्या वालीवारसांची कोणतीही तक्रार नाही.' सोनुबाईनं ते नागोजीकडून तीनदा वाचून घेतलं, शेताचा किंवा झाडाचा उल्लेख फक्त आंब्यापुरता आहे आणि तो आंबा आपला नाही याची खात्री केली आणि मगच नवऱ्याला अंगठा लावू दिला. साक्षीदार म्हणून तिनं स्वतःचाही लावला.

पुढच्या रविवारी फोटो हातात येताच नागोजी बेळगावहून गाडीनं गुंजीला गेला. भावकूनं आधी फोटो पाहिला. त्यात भीमसेन दात-ओठ खात होता आणि नागोजी खुंटीवरच्या पिशवीसारखा लोंबत होता.

"तुला बी धरला व्हय त्यानं?" म्हातारा पडल्यापासून पहिल्यांदा हसला. "पकड हाय अजून गड्याची!"

"फोटो ऱ्हाऊ द्या आप्पा. हे ऐका." नागोजीनं मोठ्या अभिमानानं कबुलीपत्र वाचलं. आता बाप उठून बसेल, गावाला बोलाव म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. बाप उठून बसला खरा, पण रागानं.

"कुणी सांगितलंतं त्याला बोलाय? जास्त काय विचारू नको म्हटलंतं न्हवं तुला? चाळीस वर्सं शब्द सांभाळला मी, हसू दिलं लोकांस्नी, आन् ह्यो खुशाल अंगठा देऊन मोकळा!"

"पण आप्पा, खरं हाय न्हवं ते?"

"खरं असलं म्हणून काय झालं? त्याची इज्जत हाय त्या कागदात. परत दे त्याला." मग त्यानं विचारलं, "लोक जमिनीवरचा हक्क सोडत्यात, तवा तू काय लिहून देतोस?"

"हक्कसोडपत्र."

"मग तसलं लिही. ही जीत मी सोडली. आन् दोन्ही कागद त्याला नेऊन दे."

नागोजीनं जड मनानं बाँड काढला. बापाचं मन वळणार नव्हतं हे त्याला कळून चुकलं होतं. निदान कागद तरी चोख व्हावा म्हणून त्यानं सगळं तपशीलवार लिहिलं. भावकूनं अंगठा लावला.

"साक्षीदार लागतोय आप्पा एक. जयाबाईला पुढच्या खेपेला आणतो."

"पुढची खेप कशाला? रवळू हाय की घरात. हाक मार त्याला."

"रवळूकाका?"

"शेजारी हाय. शेजाऱ्याची साक्ष चालत न्हाय काय?"

रवळू आला. बाँड पाहताच त्यानं दोन्ही हात मागं लपवले. "कशाचा कागद हाय? जमिनीचा असंल तर मी न्हाय."

"साक्षीदाराला वाचून दाखवावं लागतंय आप्पा," नागोजी अडखळत म्हणाला. "कायदा हाय."

"कायदा हाय तर वाच की," भावकू आढ्याकडं बघत म्हणाला.

नागोजीनं वाचलं. 'सांबरा येथील मैदानात भीमसेन पैलवान यांस चीत करून मिळालेली व त्यांनी अंगठ्यानिशी कबूल केलेली जीत मी राजीखुशीने सोडून देत असून, सदर कुस्ती बरोबरीत सुटली असेच यापुढे समजावे.'

रवळूचं तोंड उघडलं ते मिटेना. त्यानं कबुलीपत्रावरचा तो भला मोठा अंगठा पाहिला, फोटोतला भीमसेन पाहिला, मग खाटेवरच्या भावकूकडं पाहिलं.

"म्हंजे... सोडतोयास म्हंजे... आदी तुझी हुती?"

"आता न्हाय," भावकू म्हणाला.

रवळूनं गुपचूप अंगठा लावला. चहा ठेवलाय, बसा, असं नागोजी म्हणेपर्यंत तो उंबऱ्याबाहेर पडला होता. पायात चप्पल घालायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. अनवाणीच तो देवळाच्या कट्ट्याकडं तरातरा निघाला.

नागोजी घाबरून दाराशी धावला. "आप्पा, गेला! आता गावभर सांगणार त्यो! थांबवू काय?"

भावकूनं पेजेचं ताट पुढं ओढलं.

"थांबवतोस कशाला? शब्द मी दिलता," तो म्हणाला. "रवळूनं कुठं दिलता?"