लोण्यासारखं इंजिन

डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरतात.

रविवारी साखरपुडा. बुंदी सांगितलेली.

गाडी विकणारा: "इंजिन लोन्यासारखा हाय, व्याही. बॉनेट उघडायची गरजच पडनार नाय."

नव्या भाताचे तांदूळ, चिमूटभर, हळदीत घोळलेले.

मुरबाडचा मेकॅनिक, हातात छन्नी: "कापू का?"

लोणी वितळतं.

शुक्रवारी सकाळी, धसईच्या भर बाजारात, दामिनीने किल्ली फिरवली तेव्हा गाडीने एक उचकी दिली आणि ती गप्प बसली. भेंडीच्या पाट्या सोडून माणसं धक्का द्यायला धावली. धक्क्याबरोबर प्रत्येकाने एकेक सल्लाही दिला. बाजूच्या सीटवर तिचा बाप, धर्मा. धर्माला ट्रॅक्टर येतो, बैलगाडी येते, ही गाडी येत नाही. म्हणून घेतल्यापासून पोरगी चालवण्याचं काम बघते आणि तो रागावण्याचं.

काम भरपूर होतं. क्लच गेला, बदलला. एसीतून भट्टीची हवा. मागच्या चाकाशी कुणीतरी सुपारी फोडत बसल्यासारखा आवाज. काच खाली जाते, वर येत नाही. बॉनेट पहिल्या दिवसापासून उघडत नाही. मेकॅनिक म्हणतो कापावं लागेल, आणि सोयऱ्याकडून घेतलेली गाडी साखरपुड्याआधी कापायची कशी? कारण गाडी विकली होती शहापूरच्या चांगोने, आणि चांगोच्या प्रणितशीच दामिनीचं जमलं होतं.

धक्क्यावर गाडी सुरू झाली. धर्माही सुरू झाला.

"बंद करू नको आता. घरी जाऊन आयेला घे. मग थेट शहापूर."

"आज, बाबा?"

"आज! चावी त्याच्या मांडीवर टाकतो आनि सोयरीक मोडून येतो. गाडीत फसवतो तो पोरात पन फसवील."

दामिनीने प्रणित पसंत असल्याचं घरात एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायची तिची रीत नव्हती. तिने गिअर टाकला. जरा जोरात.

घरी ताराबाई तांदळाची गोणी ओढत बाहेर आली.

"ही कशाला गो? सोयरीक मोडायला चाललोय आपून!"

"मंग? मोकल्या हातान कोन जातं का?"

गोणी मागच्या सीटवर चढली, तिच्या शेजारी ताराबाई. चढण्याआधी तिने पुढच्या काचेखालच्या जाळीला हात लावून तो कपाळाला लावला.

सरळगावात पुढे एसटी होती. दामिनीने हॉर्न दाबला आणि सोडला. हॉर्नने सोडलं नाही.

एसटी बाजूला झाली. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. आत पेशंट असणार असं समजून एका म्हाताऱ्याने टोपी काढली. उघड्या काचेतून त्याला आत धर्मा दिसला, लालबुंद, डोळे बाहेर आलेला, आणि त्याची खात्रीच झाली.

"थांबव तो!"

"कसा थांबवू? बॉनेट उघडत नाय ना!"

"चांगोच्या तर..."

"पोरीसमोर नको," मागून ताराबाई म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही.

पुढचा रस्ता धर्माने भांडणाची तयारी करण्यात घालवला. पहिलं वाक्य त्याने ठरवलं, घासलं, धार लावली. दुसरं पहिल्याहून जहाल. तिसऱ्यात चांगोचा आजा येणार होता. किन्हवलीच्या अलीकडच्या चढावर तो चौथ्या वाक्याशी पोहोचला आणि गाडी

बंद पडली. हॉर्न सोडून.

तिथे विटांचा ट्रॅक्टर घेऊन लडकू आला. टोकावड्याचा हा माणूस नात्यातला होता, म्हणजे मदत करणार होता आणि गावभर सांगणारही होता.

"काय रं धर्मादादा, इमान उतरवलंस?"

"दोर बांध. बोलू नको."

"मुरबाडला नेऊ?"

"शहापूरला!"

"ओढत? सोयऱ्याच्या दारात?" लडकूला इतका आनंद त्याच्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. "वाजवत का जाताव पन? कान किटलं!"

दोर बांधला. अशा रीतीने सोयरीक मोडायला निघालेली मंडळी विटांच्या ट्रॅक्टरमागे, बैल बाजारात न्यावा तशी, वाजतगाजत शहापुरात शिरली. वळणावर दामिनीने सवयीने डावा दिवा लावला. ऊन रखरखत होतं. वायपर फिरू लागले.

आळी बाहेर आली. चांगोची बायको सकुबाई भाकरतुकडा घेऊन धावली, कारण होणारी सून दारात आली होती, कशी का येईना. तिने दामिनीवरून ओवाळलं, ताराबाईवरून ओवाळलं, आणि धर्माच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. धर्माने पहिलं वाक्य फेकलं. हॉर्नने ते गिळलं. दुसरंही गेलं. तिसऱ्यात चांगोचा आजा आला आणि न ऐकताच परत गेला. चांगो हात जोडून हसत होता. त्याला वाटलं, व्याही क्षेमकुशल विचारतायत.

मग प्रणित आला. त्याने दामिनीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. घरातून वाकवलेली तार आणली, पुढच्या दिव्यांमधल्या जाळीत घातली, बॉनेटवर उजव्या बाजूला एक बुक्की मारली. खट्. बॉनेट उघडलं. त्याने बॅटरीची वायर उपटली.

शांतता. आता धर्माचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जाणार होता.

"चोर हाव तुमी! लोन्यासारखा इंजिन! ह्याला..."

तो थांबला, कारण इंजिनावर घर होतं. पेंढा, चिंध्या, दोऱ्या, आणि मधोमध एक गलेलठ्ठ उंदीर, त्रास दिल्याबद्दल नाराज. भोवती कुरतडलेल्या वायरी.

"बघा! उंदीर! तुमचं शहापूरचं उंदीर माझ्या गल्यात बांधलंव!"

"ओ," ताराबाई हळूच म्हणाली.

"तू गप गो!"

"ते तांदूल आपलं हायेत."

सगळे वाकले. पेंढ्यात, वायरीत, जिकडेतिकडे तांदळाचे दाणे. पिवळे. हळदीतले.

"दर शुक्रवारी वाहते मी. काचेखालच्या जालीतून." जात्यात घास टाकावा तसा तिने हात करून दाखवला. "घरात लक्षुमी आली, तिला उपाशी ठेवू?"

लडकू ट्रॅक्टरवरून पडता पडता राहिला.

धर्माचा एवढा राग, धसईपासून सांभाळत आणलेला, आणि आता उतरवायला जागा नाही. तो बायकोकडे वळला. ती गोणी उतरवत होती. लेकीकडे वळला; ती त्याच्याकडे सरळ पाहत होती, किल्ली हातात धरून.

"टाका मांडीवर," दामिनी म्हणाली. "आणि मोडायचं तेही आत्ताच सांगा, सगळ्यांसमोर."

धर्माने चांगोकडे पाहिलं. आता हा माणूस हसणार, आळीला ऐकवणार, जन्मभर ऐकवणार. तेवढं झालं असतं तर धर्माने उंदरासकट सोयरीक मोडली असती.

चांगो हसला नाही. तो त्या पिवळ्या दाण्यांकडे टक लावून पाहत होता. सकुबाई एकाएकी लडकूचा दोर बघू लागली. प्रणितने बॉनेट खाली घेतलं.

"व्याही," चांगो खाकरला, "वायरी मी भरून देतो. सगल्या. बोलू नका तुमी."

"नाय, नाय. चूक आमची..."

"बोलू नका म्हनतो ना!" चांगो जवळजवळ ओरडलाच. "रविवारी या. पोरांचा व्हऊ द्या."

"मानूस बघ," धर्मा ताराबाईला म्हणाला, "नायतर तू." किल्ली त्याने खिशात घातली. गाडी चांगोच्या दारातच राहिली. परतीच्या वाटेवर, ट्रॅक्टरमधल्या विटांवर बसून, तो आधी बायकोवर रागावला, मग लडकूवर, मग रस्त्यावर. चांगोवर मात्र एक शब्द नाही. दामिनी शहापूरकडे तोंड करून बसली होती.

गाडी विकायला काढण्यापूर्वी चांगोने वायरिंग दोनदा बदललं होतं. सकुबाई त्याच जाळीत दर मंगळवारी तांदूळ टाकायची, गुळासकट.