नकाराला बंदी

राविरीने अशी योजना आखली होती, की तीत नकाराला जागाच नव्हती!

वेलिंग्टनच्या त्या नाट्यशाळेत उत्स्फूर्त अभिनयाच्या तासाला ग्लेनिसबाईंचा एकच नियम. समोरचा काहीही म्हणो, आपण 'हो' म्हणायचं आणि वर आपली भर घालायची. 'नाही' म्हणेल त्याने आठवडाभर सगळ्यांचे कप विसळायचे! आणि केरी ही राविरीची दोन वर्षांची मैत्रीण. एरवी सरळ 'माझ्याबरोबर फिरायला येशील?' असं विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर रोज दुपारी अर्धं सँडविच कोणाला द्यायचं? या विचारानेच त्याची झोप उडाली होती.

तास सुरू झाला. दोघं समोरासमोर उभे राहिले.

"केरी, शनिवारी संध्याकाळी आयलंड बेच्या किनाऱ्यावर येशील? मासे आणि चिप्स खाऊ. आपण दोघंच!"

"हो! आणि तुझ्या आईलाही आण!"

झालं! राविरीचा जिगरी दोस्त फेटू डोक्याला शाल गुंडाळून आई झाला आणि आत घुसला. "आले गं बाई! आणि राविरी, तुझ्या चारही मावश्यांना घेऊन आले!"

मावश्या आल्या. मागोमाग पाद्री आला. नाही म्हणायची सोय राविरीलाही नव्हती! चौथ्या मिनिटाला लग्न लागलं, सहाव्याला थोरला मुलगा गणितात नापास झाला. लग्नात केरीने असे काही डोळे पुसले, की राविरीला गलबलून आलं. खरे होते का ते अश्रू?

तास सुटल्यावर त्याने तिला जिन्यात गाठलं.

"ते शनिवारचं... तू मनापासून हो म्हणालीस ना?"

"तिथे नाही म्हणता येतं का?" केरी भडकली. "मुद्दाम वर्गात विचारलंस ना? घाबरट कुठला! आता विचार."

राविरीने विचारलं.

"शनिवारी नाही येणार मी."

संपलं! दोन वर्षांची मैत्री आपण आपल्या हाताने घालवली, असं त्याला वाटलं. चेहरा एवढासा झाला.

"अरे वेड्या, शनिवारी फेटूने अख्ख्या वर्गाला तिथे बोलावलंय, खरोखरच! रविवारी ये. एकटा."

दोन वर्षांत शिकलेला सगळा अभिनय पणाला लावून राविरी बेफिकिरीने म्हणाला, "बघतो. वेळ मिळाला तर."

"शी! किती वाईट करतोस रे काम!" केरी म्हणाली.