खाण झाडून घेतली

शहरातल्या कचरा खात्याच्या नूरवीदाबाईंनी, सगळ्यांच्या इबूंनी, ड्रोन उडवला आणि पडद्यावरचं दृश्य बघून कपाळाला हात लावला. बंद पडलेल्या कथलाच्या खाणीचा खड्डा चकाचक होता. काठावरची तेलाची पिंपं, गंजके पाइप, मोडके पंप, काही म्हणजे काही नव्हतं. उलट चुना मारून पताका लावल्या होत्या.

हा कचरा फोटोत दिसला, तरच खड्डा साफ करायला प्रांताची मंजुरी मिळणार होती, आणि फोटो आजच पोचायला हवे होते. खड्ड्यालगतच्या विहिरीचं पाणी गाव पीत होतं आणि त्याला तेलाचा वास येत होता. त्यासाठी इबूंनी वर्षभर साहेबांचे उंबरे झिजवले होते. चूक एवढीच, की रीतीप्रमाणे त्यांनी गावप्रमुख झुल्फानना, सगळ्यांच्या पाकांना, आधी कळवलं. इंडोनेशियातल्या या बांका बेटावर सरकारी पाहुणा येणार म्हटलं की सगळं गाव झाडू आणि कोयते घेऊन बाहेर पडतं. ज्या ढासळत्या काठावर माणसानं जाऊ नये म्हणून ड्रोन आणला, तिथंच अख्खं गाव उतरलं होतं. बायकांनी पाण्यावरचा तवंगसुद्धा नारळाच्या काथ्यानं टिपून घेतला होता.

"पाक, मला घाणच हवी होती," इबू म्हणाल्या.

"असं कसं, इबू? पाहुण्यांना घाण दाखवायची?"

"पाणी तरी सुधारलं का?"

"वास तसाच आहे. पण वास काय फोटोत येतोय?"

पिंपं परत आणा म्हणून इबूंनी आधी विनवलं, मग दटावलं. पण ट्रक पाकांच्या मेव्हण्याचा, आणि तो वऱ्हाड घेऊन गेला होता.

"टाकलंत तरी कुठं?"

"शहरात. तुमच्या कार्यालयामागं. म्हटलं, कचऱ्याचं खातं तुमचंच."

इबूंना रडावं की ओरडावं कळेना. त्या तशाच शहराकडे धावल्या, कार्यालयामागं ड्रोन उडवला आणि दोन्हीकडचे फोटो सगळ्या हकिकतीसह पाठवून दिले. वर फोटो बघितले गेले. हकिकत कोणी वाचली नाही.

मंजुरी आली. कार्यालयामागची जागा साफ झाली, तिथं फुलझाडं लागली. गावाला स्वच्छतेची ढाल मिळाली. ढालीच्या मेजवानीला बेटाच्या रीतीनं घराघरांतून लाल झाकणांची ताटं आली आणि इबूंना मानाच्या जागी बसवलं. त्यांचा हात पेल्याशी घुटमळलेला पाहून पाक हळूच म्हणाले, "प्या निर्धास्त, इबू. आज पाणी शहरातून मागवलंय. पाहुण्यांना विहिरीचं कसं द्यायचं?"