चिन्नोरचं बियाणं आणि चोवीस पानांची योजना

मेव्हण्याच्या लग्नाला चिचगडला जायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. माणूस दिवसातून दहादा असं काहीतरी ठरवतो आणि नऊदा काही बिघडत नाही. ती माझी दहावी वेळ.

मी खेमराज मास्तर. सालेकशाजवळच्या एका गावात शाळा चालवतो. (शाळाच मला चालवते, असं घरी मत आहे.) साल एकोणीसशे अडतीस. शिक्षणात स्वावलंबनाची मोठी हवा होती. त्या हवेत मीही उडालो आणि 'कन्यांस गृहशास्त्राचे सुधारित शिक्षण' अशी चोवीस पानांची योजना भंडाऱ्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे धाडली. कमाल म्हणजे उत्तर आलं! इन्स्पेक्ट्रेसबाई पाहायला येणार. पसंत पडलं तर वर्ग मंजूर आणि शिकवायला एक बाई.

ती बाई म्हणजे आमचीच शामकला, माझी बायको. व्हर्नाक्युलर फायनल पास. पण तिची अट होती.

"शिकवतो जी मी. पण माह्या वावराचा हंगाम बुडाला नाही पाहिजे."

ते वावर तिला बापानं दिलेलं. दोन एकर. त्यात ती चिन्नोर लावायची, वासाचा बारीक धान. त्या वावरात मी फक्त बांधावर उभा राहायचो, तेही छत्री घेऊन.

तर ती लग्नाला गेली आणि मी योजनेची पानं चाळत बसलो. पान सात ते अकरा, 'धान उकडून उसना तांदूळ करण्याची शास्त्रीय रीत'. पाच पानं लिहिली होती मी! आणि आयुष्यात मूठभर धान पाण्यात टाकला नव्हता. मनात आलं, इन्स्पेक्ट्रेसबाईंनी विचारलं तर? आधी स्वतः करून पाहावं. शामकला आली की तिलाही कळेल, नवरा नुसता कागद खरडत नाही.

घरात धान शोधला. पडवीत मोठी ढोली होती, बांबूची, शेणानं लिंपलेली, पण तिच्यात तळाला थोडाच धान उरला होता. आतल्या कोपऱ्यात मात्र एक लहान ढोली, तोंड पक्कं लिंपून बंद केलेलं. मी ते फोडलं. आत गच्च धान, पण त्यात राख आणि कडुनिंबाचा पाला! हळहळलोच मी. शिकलेली बायको, आणि खायच्या धान्यात राख कालवते? लगेच पेन्सिल काढून योजनेत टीप लिहिली, 'साठवणुकीच्या गलिच्छ चालीरीती बंद कराव्यात.'

धान तीन पाण्यांनी धुतला. भिजवला. दुसऱ्या दिवशी शाळेतलं घड्याळ आणून चुलीपुढे बसलो आणि साल फुटेपर्यंत मोठ्या हंड्यात उकडला. सगळाच. (अर्धवट काम मला आवडत नाही.) अंगणात चटयांवर पसरला. वास असा सुटला, की शेजारची रुख्माबाई कुंपणापाशी आली.

"मास्तर, काय उकडून राहिले जी?"

"धान! शास्त्रीय रीतीनं."

"वास त चिन्नोरचा येऊन राह्यला!"

"चांगलाच की!"

 ती तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, कौतुक.

तिसऱ्या दिवशी शामकला बैलगाडीतून उतरली. हातात लग्नाचे लाडू होते. अंगणात पाहिलं आणि जागीच थांबली.

"हा धान कोठचा?"

"आतल्या ढोलीतला. आधी राख धुतली बरं का मी!"

तिनं लाडू खाली ठेवले आणि उंबऱ्यावर बसली. "अवो, ते बियाणं होतं."

"मग?"

"मंग काय मंग! उकडलेला धान उगवते काय जी? मृग आठ दिवसांवर आला. आता रोपासाठी पऱ्हे कायचे टाकू मी, तुमच्या कागदाचे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर ती माझ्यावर ओरडली होती, हसली होती, पण रडली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिन्नोरचं तसलं बियाणं बाजारात मिळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. (एवढं एकच ठाऊक होतं.)

शामकलानं डोळे पुसले आणि रुख्माबाईकडे गेली. मागच्या साली तिनंच रुख्माबाईला या धानातलं बियाणं दिलं होतं. मी कुंपणाशी कान लावून उभा.

"देतो वं बाई," रुख्माबाई म्हणाली. "माह्याजवळ जास्तीचं आहे. पण माह्या घरचा खायचा जाडा धान उकडाचा पडला आहे, अन् माही कंबर धरली. मास्तरले पाठव. उकडते मातर बेस!"

असे चार दिवस मी रुख्माबाईच्या अंगणात हंड्यापुढे बसलो. डोळे लाल, धोतर काळं. रस्त्यानं जाणारा गावातला बकाराम धुनीपुढचा बैरागी समजून दुरून हात जोडायचा, मग जवळ येऊन ओळखायचा आणि पोट धरून हसायचा. बियाणं मात्र घरात आलं. शामकलानं त्यात राख घातली, पाला घातला. पाला तोडून मीच आणला.

इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या, त्या नेमक्या चौथ्या दिवशी. मी नाही म्हणत असताना शामकलानं त्यांना थेट रुख्माबाईच्या अंगणात आणलं. बियाणं कोणतं, खायचं कोणतं, कीड लागू नये म्हणून राख किती, पाला कोणता, सगळं सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. मुलींना हे घरी कळतंच, पण का करायचं ते वर्गात समजलं तर कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही, असं म्हणाली. चोवीस पानांत मला जे जमलं नव्हतं, ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. खरंच अभिमान वाटला मला. तसं म्हणायला उठलो, तर हंडा उतू गेला.

पंधरा दिवसांनी शेरा आला. वर्ग मंजूर. शिक्षिका शामकलाबाई. शेवटी एक सूचना होती, 'वर्गासाठी ठेवलेल्या धान्यास कुलूप असावे. किल्ली शिक्षिकेजवळ राहावी. योजना लिहिणाऱ्या गृहस्थांकडे कोणत्याही कारणास्तव देऊ नये.'

त्याची एक ठळक प्रत काढून वर्गाच्या दारावर लावायचा हुकूम होता. शामकलानं कागद-दौत माझ्यापुढे सरकवली. गावात वळणदार अक्षर माझंच.