चर्चमध्ये शिरलेलं अस्वल

व्हर्लिन टोलेफसनला पाहुणे घालवायचे होते, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात ते काम कुणी तोंडाने सांगून करत नाही. सात वाजता टीव्हीवर मुलींच्या शालेय आइस हॉकीचा अंतिम सामना होता आणि त्याची नात ब्रिटा गोलरक्षक होती. दुपारी कॉफीला आलेले शेजारी ड्वेन आणि लव्हॉन मात्र अजून सोफ्यावरच होते.

त्याने शक्कल लढवली. एक कोरा कागद आणि पेन आणून तो म्हणाला, "गोष्ट रचू या. पाळीपाळीने एकेक वाक्य. कागद भरला की खेळ खलास."

पहिलं वाक्य त्याने एवढ्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, की तीन ओळींची जागा गेली. 'एक अस्वल चर्चमध्ये शिरलं.'

लव्हॉनने कागद ओढला. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'पण आधी त्याने पाय पुसले.'

ड्वेनने त्याहून बारीक लिहिलं, 'आणि विचारलं, मी मध्येच आलो का?'

व्हर्लिनची बायको अर्डिस जाड भिंगाचा चष्मा घेऊन आली आणि तीही खेळायला बसली.

"मोठं लिहा की जरा," व्हर्लिन म्हणाला.

"असू दे रे," ड्वेन म्हणाला. "तुला जागा लागते, दिसतंय ना."

व्हर्लिनच्या अस्वलाने बाकं मोडली, पाद्र्याला पळवलं. बाकीच्या तिघांनी अस्वलाला माफी मागायला लावली, बाकं दुरुस्त करून घेतली. शेवटची ओळ आली आणि बशीतल्या शेवटच्या, कुणीच न उचललेल्या केकच्या तुकड्यासारखी तशीच राहिली.

"लिही, ड्वेन," व्हर्लिन म्हणाला.

"छे, लव्हॉन लिहील."

"मी कशी लिहू? अर्डिसची पाळी राहील ना."

शेवटी लव्हॉनने कागद उलटा केला. "मागची बाजू कोरीच आहे की. व्हर्लिनला एवढी मजा येतेय, कशाला मोडायची?"

व्हर्लिनने अस्वल मारून टाकलं. खुद्द त्याच्या बायकोने पुढे लिहिलं, 'अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सर्वांसाठी कॉफी होती.' तेव्हा मात्र त्याने पेन घेतलं आणि पानभर 'समाप्त' लिहिलं.

कोट, टोप्या, बूट चढवून झाले. दारात लव्हॉन म्हणाली, "खरं सांगू? आम्हाला केव्हाचं निघायचं होतं. ब्रिटाची मॅच बघायची होती. पण तू कागद काढलास, मग उठणार कसं?"

व्हर्लिनने उघडलेलं दार पुन्हा लावलं. "मग इथेच बघा ना."

"नको, तुम्हाला कशाला त्रास," ड्वेन म्हणाला.

"त्रास कसला?"

"नाही, नाही. तुमची जेवायची वेळही टळून गेली."

"बसा म्हणतो ना."

तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायला हरकत नव्हती. बूट, टोप्या, कोट पुन्हा उतरले. व्हर्लिनने टीव्ही लावला.

सामना संपला होता, बर्फावर दोन्ही संघांतल्या मुली रांगेने एकमेकींशी हात मिळवत होत्या. ब्रिटा हसत होती. समोरची मुलगीही हसत होती. सगळ्याच हसत होत्या. कोण जिंकलं, ते काही केल्या कळेना. मग जाहिराती सुरू झाल्या.

"फोन करून विचारू का?" अर्डिस म्हणाली.

"वेडी आहेस का? आपण बघितलंच नाही, असं वाटेल तिला."

तेवढ्यात फोनच वाजला. फोनच्या पडद्यावर ब्रिटाचं नाव होतं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हात पुढे करेना.

"घे, तुझी नात आहे," ड्वेन म्हणाला.

व्हर्लिनने फोन उचलला. "ब्रिटा," तो म्हणाला, "तू काय खेळलीस गं."