अण्णा टिपणीसांची बाहेर आलेली चाकं

अण्णा टिपणीस माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या मोटारीची चौकशी करत, आणि तीही बोटांनी. रस्त्यात कुठलीही गाडी उभी दिसली की धोतर सावरून खाली बसायचे आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चार बोटं आडवी सरकवून पाहायचे. बोटं सहज गेली तर मालकाकडे बघून मान डोलवायची. अडली तर "घासणार!" एवढंच म्हणून उठायचं. कर्जतच्या एका लग्नात वरात निघायची वेळ झाली, नवरानवरी गाडीत बसली, बँड सुरू झाला, आणि अण्णा मागच्या चाकाशी उकिडवे. यांचं पाकीट हरवलं असं वाटून नवऱ्याचे मामाही खाली वाकून शोधायला लागले. अण्णा उठले आणि खिडकीत डोकं घालून म्हणाले, "मागं दोघंच बसा. करवली चढली तर घासणार." ती करवली अण्णांशी पुन्हा कधी बोलली नाही.

अण्णा तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, मी शाळेत मास्तर, आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतला तेव्हा स्टेशनाबाहेर टांगे असत. अण्णांच्या पत्नीचं, माईंचं, शरीर आजारपणात फार सुटलं होतं. एकदा त्या टांग्यात चढताना टांगा मागं कलला, घोडा बिचारा पुढून उचलल्यासारखा झाला, आणि चार टवाळ खदाखदा हसले. त्या दिवसापासून माईंनी उंबरा ओलांडला नाही. खालापूरच्या पुढं त्यांचा एकुलता एक भाऊ राहायचा. गुडघ्यांपायी त्याला येता येत नव्हतं, माई जात नव्हत्या, भाऊबीज बंद पडली होती. यंदा माईंना भावाकडे न्यायचंच, असं अण्णांनी मनात घेतलं आणि एक जुनी विलायती मोटार विकत घेतली.

मोटार होती झकास, पण तिचं पोट जमिनीला टेकायला आलेलं. खड्डा आला की सायलेन्सर रस्त्यावर आपटायचा. मग अण्णांनी खोपोलीच्या भंगारवाल्याकडून जीपची उंच, रुंद चाकं आणली आणि आमच्या पांडू मिस्त्रीला जुंपलं. चाकं बसली, पण मडगार्डाच्या वीतभर बाहेर.

"अण्णा," पांडू म्हणाला, "चाकं आंगनात आली, गाडी आजून घरातच हाय."

मग चाकाची मधली तबकडी कापून चाक आत घेतलं, तर ते आतल्या स्प्रिंगला लागायला लागलं. चकत्या घालून पुन्हा बाहेर काढलं, तर मडगार्डाला. पुढची चाकं वरून जरा आत झुकवली, तर गाडी समोरून फेंगडी दिसू लागली. अण्णा म्हणाले, "दिसू दे. वळणावर रस्ता धरून राहील." हा आत-बाहेरचा हिशेब इतका त्यांच्या अंगात भिनला की जगात त्यांना दुसरं काही दिसेना. माझ्या मेव्हण्याचं लग्न जमेना, तर म्हणाले, "मुलगा जरा बाहेर आलाय. एक चकती काढा." माझ्या बायकोनं त्यांना आठवडाभर चहा दिला नाही.

शेवटी रिकाम्या गाडीत चारी चाकांना चार बोटं जाऊ लागली. पण प्रश्न भरलेल्या गाडीचा होता. मागं वजन आलं की मडगार्ड खाली येणार. किती खाली, हे कळायला माईंचं वजन कळायला हवं, आणि ते विचारायची अण्णांची छाती नव्हती. मी एका दुपारी गेलो तर माई झोपाळ्यावर लसूण सोलत बसलेल्या आणि अण्णा खाली पालथे पडून, हातात फूटपट्टी घेऊन झोपाळ्याची फळी किती वाकते ते मोजत होते.

"काय शोधताय हो?" माईंनी विचारलं.

"ढेकूण," अण्णा म्हणाले.

माई आत गेल्यावर आम्ही दोघांनी त्या झोपाळ्यावर तांदळाची पोती रचली, फळी तितकीच वाकेपर्यंत. मग तीच पोती मागच्या सीटवर नीट मधोमध ठेवून अण्णांनी अख्ख्या कर्जतला फेरी मारली. चाक कुठंही लागलं नाही. अण्णांनी तांदळाचा व्यापार सुरू केला, अशी बातमी मात्र नेरळपर्यंत गेली.

भाऊबीजेच्या सकाळी माई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. गल्ली रिकामी असावी म्हणून मी आधीच पोरांना नदीवर पिटाळलं होतं. माई बसल्या, पण मधोमध नव्हे. कितीतरी वर्षांनी बाहेर पडलेली बाई ती, खिडकीशी बसली. मी पुढं, त्यांच्याच बाजूला, मांडीवर फराळाचा डबा घेऊन. पळसदरीच्या अलीकडे पहिला खड्डा आला आणि मागून आवाज झाला: खर्रर्र!

अण्णांनी कचकन ब्रेक दाबला. पोतं खिडकीशी बसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माझ्यामुळं का हो?" माईंचा हात दाराच्या कडीवर गेला. "मला घरी न्या."

"छे!" अण्णा ओरडले. "मास्तरांमुळं! मास्तर, काय जड झालात हो तुम्ही! उतरा खाली!"

वाऱ्याच्या दिवशी माझी बायको मला वाळवण राखायला गच्चीवर पाठवत नाही, अशी माझी प्रकृती. पण उतरलो. त्यानंतर खड्डा दिसला की मी उतरायचो, गाडी फेंगड्या पायांनी हळूहळू पुढं जायची, आवाज व्हायचा तो व्हायचाच, आणि मी मागून डबा घेऊन चालायचो. बांधावरचा एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, गाडी हाय ना, मंग चालता कशाला?"

"वजन फार आहे त्यांचं!" अण्णांनी खिडकीतून सांगितलं.

शेतकऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुनाचं?"

माई बाहेर बघत राहिल्या.

पोचलो एकदाचे. भाऊ ओट्यावर काठी धरून उभाच होता. बहिणीला बघून तो काठी टेकत दोन पायऱ्या खाली उतरला. माईंनी ओवाळायला तबक उचललं आणि मागल्या अंगणातून ठणाठण आवाज यायला लागला. ज्या मडगार्डावर अण्णा माशी बसू देत नसत, त्याची कड ते हातोड्यानं ठोकून वर वळवत होते.

"काय ठोकताय?" माईंनी आतून विचारलं.

"मास्तरांना जागा करतोय!"

माईंनी तबक हातात तसंच धरून खिडकीतून अंगणात पाहिलं. मग माईंनी भावाला ओवाळलं.

परतताना माई कुणी न सांगता सीटच्या मधोमध बसल्या. "कडेला ऊन लागतं," म्हणाल्या. ऊन केव्हाच उतरलं होतं. सगळे खड्डे आले तसे गेले, चाक एकदाही घासलं नाही, आणि मला एकदाही उतरावं लागलं नाही.

"मास्तर, जेवला नाहीत वाटतं!" अण्णा हर्षानं म्हणाले. मी घशापर्यंत करंज्या खाल्ल्या होत्या.

"मास्तरांचं काही नाही हो," मागून माई हळूच म्हणाल्या. "तुम्ही छान ठोकलंत, म्हणून."

अण्णा लाजून नुसतं हॉर्न वाजवत सुटले. मी मांडीवरचा रिकामा डबा सावरत खिडकीबाहेर पाहू लागलो. पुढच्या भाऊबीजेलाही मला यावं लागणार, हे मी तेव्हाच ओळखलं. माझ्याइतका सोयीचा जड माणूस त्या दोघांना दुसरा कुठं मिळणार होता?